अंगठ्याची नव्हे, बोटांची गोष्ट
(क्लास सोडून आलेल्या मुलामुलींविषयी)

एकलव्याचा अंगठा आपल्या कवितेत, कथेत आणि भाषणांत इतक्या वेळा तुटून पडला आहे की त्याविषयी नवे काही सांगण्याचे आता उरलेले नाही. त्या अंगठ्याने आपल्यापुढे एक प्रश्न ठेवला : ज्याला गुरूने दारातही उभे केले नाही, त्याने काय करावे? प्रश्न खरा आहे, आणि तो अजून संपलेला नाही. पण आपल्या वस्त्यांत दुसरा एक प्रश्न वाढतो आहे, आणि त्याला आपल्या साहित्यात जागा नाही. ज्याला गुरूने दारात घेतले, ओळीत उभे केले, कमरेला पट्टा बांधला आणि मग मोडले, त्याने काय करावे? तो बाहेर पडलाच, तर बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांचे काय करावे?

मी लिहितो आहे ते कराटे क्लासविषयी. तालुक्याच्या कुठल्याही गावी जा, समाजमंदिराच्या किंवा विहाराच्या अंगणात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर, पहाटे नाहीतर संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली पोरे ओळीत उभी दिसतात. त्यातली पुष्कळ आपली असतात. त्यांचे येणे उगाच नाही. शाळेच्या वाटेवर कोणी अडवेल ही भीती, वसतिगृहातल्या दादागिरीची धास्ती, पोरगी कॉलेजला एसटीने जाणार म्हणून आईच्या पोटात उठणारा गोळा, पोलीस भरतीची आशा, आणि भिंतीवर ब्रूस ली. अंगात बळ असावे ही आपली जुनी निकड आहे. लहुजी वस्तादांनी पुण्यात तालीम चालवली आणि जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. समता सैनिक दलाच्या रांगा आपण विसरलेलो नाही. तेव्हा बळ कमावणाऱ्यांची चेष्टा करण्यासाठी हा लेख नाही. उलट ज्या पोरांनी बळ कमावण्यासाठी पाय टाकला आणि जी भीती घेऊन परत आली, त्यांच्यासाठी आहे.

माझ्या वर्गात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. सहावीपासून बारावीपर्यंत तो एका क्लासला गेला. क्लास आपल्याच वस्तीत, सर आपल्याच समाजाचे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील. मग हाड पक्के करण्याच्या नावाखाली नडग्यांवर बांबू. उशीर झाला तर उन्हात अंगठे धरून उभे राहणे. सरांच्या घराचे बांधकाम निघाले तेव्हा विटा पोरांनी वाहिल्या, त्याला ‘स्टॅमिना’ म्हणायचे. दर चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर परीक्षेला फी, दर उन्हाळ्यात कॅम्प. दुसऱ्या कुठल्या सरांचा नुसता व्हिडिओ पाहिला तरी गद्दारी. हे सगळे त्याने मला शांतपणे सांगितले. त्याचा आवाज फुटला तो एकाच ठिकाणी. बहिणीच्या लग्नासाठी रजा घेतलेल्या एका लहान मुलाला सरांनी मध्ये उभे केले आणि ओळीतल्या प्रत्येकाला त्याच्या पोटात एकेक ठोसा मारायला लावला. याचा नंबर चौथा होता. “सर, मी जोरात मारला,” तो म्हणाला. “हळू मारला असता तर माझा नंबर लागला असता.”

ही गोष्ट ऐकल्यावर मला एकलव्य अपुरा वाटू लागला आणि अंगुलिमाल आठवला.

अंगुलिमाल आपल्याला माहीत असतो तो बोटांची माळ घातलेला दरोडेखोर म्हणून. तो दरोडेखोर कसा झाला, हे मज्झिम निकायातल्या मूळ सुत्तात नाही. ते पुढे अट्ठकथाकारांनी सांगितले आहे. कोसलच्या राजपुरोहिताचा हा मुलगा, नाव अहिंसक. तक्षशिलेला शिकायला गेला. हुशार आणि आज्ञाधारक, म्हणून बाकीच्या शिष्यांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी गुरूचे कान भरले. गुरूला तो नकोसा झाला, पण सरळ हाकलून देण्याचे धैर्य नव्हते. तेव्हा त्याने गुरुदक्षिणा मागितली : हजार माणसांच्या उजव्या हाताची बोटे. अहिंसकाने आधी नाही म्हटले. मग दक्षिणा दिली नाही तर विद्या फळत नाही, या धाकाने तो जंगलात शिरला.

दोन्ही कथांत गुरू आहे, दक्षिणा आहे आणि तुटलेली बोटे आहेत. पण द्रोणाने एकलव्याचे स्वतःचे बोट मागितले. तक्षशिलेच्या गुरूने शिष्याला दुसऱ्यांची बोटे तोडायला लावली. एकलव्य निषादाचा होता, अहिंसक पुरोहिताचा. गुरूच्या सत्तेला जातीची धार असली की घाव खोल जातो हे खरेच, पण धार नसलेली सत्ताही हाडे मोडते. आपला सर, आपला फोटो, आपले त्रिशरण, म्हणून बांबू मऊ लागत नाही. क्लासमधून बाहेर पडलेल्या मुलाच्या छातीवरचा सर्वांत जड दगड पुष्कळदा त्याने खाल्लेल्या माराचा नसतो, त्याला द्यायला लावलेल्या माराचा असतो. म्हणून तो कोणापाशी बोलत नाही. तक्रार करायची तर आधी स्वतःचे नाव घ्यावे लागेल, असे त्याला वाटते.

आता लोक विचारतात, एवढे होते तर सात वर्षे गेलाच कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण फार शहाणा प्रश्न विचारला असे वाटते. त्याला उत्तर आहे. १९५९ साली अमेरिकेत ॲरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना एका चर्चागटात प्रवेश देताना काहींना फार लाजिरवाणी परीक्षा द्यायला लावली, काहींना सौम्य, काहींना कसलीच नाही. मग सगळ्यांना गटाची एकच चर्चा ऐकवली. ती मुद्दाम रटाळ केलेली होती. ज्यांनी सर्वांत जास्त लाज सोसली होती त्यांनाच ती चर्चा सर्वांत चांगली वाटली. माणूस सोसतो, मग सोसले ते फुकट गेले हे मान्य करणे त्याला जड जाते, म्हणून ज्यासाठी सोसले ते मौल्यवान होते असे तो स्वतःला पटवतो. क्लासमध्ये हे दर बेल्टला घडते. पिवळ्यासाठी सोसले म्हणून नारंगी सोडवत नाही, तपकिरीपर्यंत आल्यावर तर काळा दोन हातांवर दिसतो. शिवाय सर नेहमीच राक्षस नसतात. तेच सर तापात डोक्यावर हात ठेवतात, तेच स्पर्धेत जिंकल्यावर खांद्यावर घेतात. ज्या मुलाचा बाप दारूत बुडालेला आहे त्याला पहिल्यांदा ‘शाब्बास’ म्हणणारा माणूस हाच असतो. त्यामुळे सोडल्यावर त्याला नुसता राग येत नाही, विरहही होतो. या विरहाची त्याला लाज वाटते. त्याला कोणीतरी सांगायला हवे की मारणाऱ्याची आठवण येणे म्हणजे मार योग्य होता असे नव्हे.

बेल्टविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण अर्धी भीती त्याच्या भोवती गुंडाळलेली असते. हे शास्त्र हजारो वर्षांचे, ही परंपरा साधूंची, गुरूने काढून घेतलेला पट्टा म्हणजे जन्माची नापासी, असे पोरांच्या मनावर बिंबवलेले असते. वस्तुस्थिती निराळी आहे. काळ्या पट्ट्याची पद्धत जपानमध्ये जिगोरो कानो यांनी ज्यूदोसाठी सुरू केली. त्यांची कोदोकान ही शाळा १८८२ ची. म्हणजे सत्यशोधक समाजापेक्षाही ती नऊ वर्षांनी धाकटी. ओकिनावा बेटावरचे कराटे जपानच्या मुख्य बेटावर नेणारे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. त्यांनी कानोंची पद्धत उचलली आणि १९२४ मध्ये पहिले काळे पट्टे दिले. पिवळा, नारंगी, हिरवा हे रंग तर त्याच्याही नंतर रूढ झाले, आणि तेही युरोपातल्या ज्यूदोच्या शिकवणीतून. ओळीत उभे राहणे, एका हुकमावर शंभर पोरांनी एकदम ठोसा मारणे, हेही ऋषिमुनींकडून आलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे ओकिनावाच्या शाळांत शिरले आणि तेथे लष्करी कवायतीच्या साच्यात बसले. जो पवित्र म्हणून सांगितला जातो त्यातला बराचसा भाग मास्तरांच्या आणि हवालदारांच्या सोयीचा आहे. आज आपल्याकडे डझनांनी संघटना आहेत. प्रत्येकीचा पट्टा तिच्यापुरता.

‘सोडलास तर भरतीत घेणार नाहीत’ ही दुसरी धमकी. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक असते, मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. पट्ट्याच्या रंगाला तेथे गुण नाहीत. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीवर आणि क्रीडा विभागाच्या पडताळणीवर मिळते. सरांच्या सहीच्या पट्टा-प्रमाणपत्रावर नव्हे. एवढी माहिती हातात असती तर कित्येक पोरे दोन वर्षे आधी सुटली असती.

ज्या देशातून हे आले त्या देशालाही हा प्रश्न टळलेला नाही. २००७ साली जपानमध्ये सुमोच्या एका आखाड्यात सतरा वर्षांचा शिकाऊ मल्ल ‘सरावा’च्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मेला. आखाड्याच्या प्रमुखाला पुढे शिक्षा झाली. १९८३ पासूनच्या तीन दशकांत तेथील शाळांतल्या ज्यूदोत शंभरावर विद्यार्थी दगावल्याचे मोजले गेले. २०१३ च्या जानेवारीत हे बाहेर आले की राष्ट्रीय पातळीच्या पंधरा महिला ज्यूदोपटूंनी आपल्या प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. त्याला पायउतार व्हावे लागले. त्यांचे पहिले म्हणणे त्यांच्याच महासंघाने नीट ऐकले नव्हते, म्हणून त्यांना ऑलिंपिक समितीकडे जावे लागले. त्याच महिन्यात आपल्याकडे नव्हे, पण बरोबर दहा वर्षांनी, २०२३ च्या जानेवारीत, विनेश फोगाट आणि साक्षी मलिक दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. लैंगिक छळाचा आरोप कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर होता. ते तो नाकारतात. मे २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित केले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात असलेल्या बाईला रस्त्यावर बसावे लागते, तर तालुक्याच्या क्लासमधल्या नववीतल्या मुलीने कोणाला सांगावे?

तिची अडचण मुलापेक्षा वेगळी आहे. तिने घरी तोंड उघडले तर सरांचा क्लास बंद होण्याआधी तिचे घराबाहेर पडणे बंद होते. क्लास सुटतो, मग शिकवणी सुटते, मग कॉलेज, आणि मग लग्न. हे तिला पक्के माहीत असते. म्हणून ती पाय मुरगळल्याचे सांगते आणि हळूहळू येणे थांबवते. अशी पाय मुरगळलेली मुलगी वस्तीत दिसली तर शिक्षिकांनी आणि महिला कार्यकर्त्यांनी तिच्याशी एकटीने बोलावे. आणि घरच्यांना पहिले वाक्य हे सांगावे की पोरीचे शिक्षण थांबणार नाही.

घर सहसा मुलाच्याही बाजूने नसते. आपल्या बापांच्या पिढीने मार खाऊनच अक्षर मिळवले. “आमच्यावर मास्तरनं छड्या मोडल्या, म्हणून चार अक्षरं आली,” असे बाप म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो कारण मात्र चुकीचे लावतो. अक्षर छडीने आले नाही, छडी असूनही आले. तेवढी त्याची भूक होती. हे बापाला भांडून पटत नाही. त्याच्या छडीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, तर कधी कधी पटते.

सर्वांत अवघड जागा चळवळीची आहे, आणि तेथे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. या मुलाने एका कार्यकर्त्याला सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, “भाऊ, आपलाच माणूस आहे. बाहेर बोभाटा झाला तर हसू कोणाचं होणार?” दुसऱ्याने विचारले, “ॲट्रॉसिटी लागते का?” लागत नाही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच १९८९ चा तो कायदा लागतो. पण ॲट्रॉसिटी लागत नाही म्हणजे गुन्हाच नाही, हा निष्कर्ष आपण कोठून काढला? ताब्यातल्या मुलाला मारणाऱ्या, छळणाऱ्या माणसाला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेथे क्लास ‘शाळा’ आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, हे २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ सांगते. न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणणारी विहाराची समिती स्वतः कायद्याच्या कचाट्यात येते, हे समितीला माहीत असलेले बरे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. वस्तीतल्या प्रत्येक क्लासच्या भिंतीवर तो रंगवायला खर्च येत नाही.

समाजाची बदनामी ही फार जुनी दटावणी आहे. गावकीने ती आपल्याविरुद्ध वापरली. आता आपण ती आपल्या पोरांविरुद्ध वापरतो आहोत.

सोडून येणे म्हणजे काय, यावर आपल्याइतका विचार क्वचितच कोणा समाजाने केला असेल, आणि तरी तो विचार आपण एका मुलाच्या कामी आणत नाही याचे मला नवल वाटते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे. सोडण्याचा निर्णय एका संध्याकाळी जाहीर झाला, पोहोचायला दोन दशके लागली, आणि त्या दोन दशकांत ते वाचत राहिले, तपासत राहिले. बावीस प्रतिज्ञा पाहा. सुरुवातीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत : काय मानणार नाही, कोणाची पूजा करणार नाही. समतेचा, करुणेचा आणि नव्या वाटेचा उच्चार त्यानंतर येतो. आणि त्या एकट्याने मनात म्हणायच्या नाहीत, लोकांत उभे राहून मोठ्याने म्हणायच्या. क्लास सोडलेल्या मुलाला आपण उलट क्रमाने वागवतो. त्याने आधी हसावे, विसरावे, माफ करावे, पुढे जावे. नकार उच्चारण्याची जागाच त्याला देत नाही. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याविषयी लिहिताना क्रम मांडला तो असा : प्रथम सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक, मग माणसांत परतणे. नागपूरचा क्रम मला याहून फार वेगळा दिसत नाही.

सुरक्षितता म्हणजे अगदी साध्या गोष्टी. सरांचा फोन न उचलणे, आणि त्याबद्दल अपराधी न वाटणे. काही दिवस दुसऱ्या गल्लीने जाणे. क्लासच्या गटातून नाव काढणे. पहाटे साडेचारला जाग येते, छाती धडधडते, मोठ्या आवाजाने अंग आकसते, हे पुष्कळ महिने चालते. हे भित्रेपण नव्हे. सात वर्षे शिकवलेले शरीर एका महिन्यात विसरत नाही. झोप फारच उडाली, जिवावर उठण्याचे विचार येऊ लागले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर विचारावा. वेडाचा डॉक्टर म्हणून हसणाऱ्यांना हसू द्यावे.

आणि तो ठोसा? अंगुलिमालाच्या सुत्ताचा शेवट आपण सांगत नाही. तो भिक्खू झाला, बदलला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला की लोक दगड मारीत. डोके फुटलेले, भिक्षापात्र फुटलेले, चीवर फाटलेले, असा तो परत येई. बुद्धाने त्याला सोसायला सांगितले, पण गुरूकडे परत पाठवले नाही. त्याच सुत्तात प्रसूतीच्या वेदनेत असलेल्या बाईसाठी तो सत्यवचन उच्चारतो आणि तिची सुटका होते. थेरवादी देशांत गर्भवतीसाठी आजही ते परित्त म्हणतात. बोटे तोडणाऱ्याचे नाव बाळंतिणीच्या उशाशी आले, आणि दगडही थांबले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहिल्या. अर्थात पंधरा वर्षांच्या पोराचा, हुकमाखाली मारलेला ठोसा आणि अंगुलिमालाचे खून एका तराजूत घालता येत नाहीत. हुकूम देणारा मोठा माणूस होता, जबाबदारीही त्याचीच मोठी. तरीही ज्याला मारले त्याच्याकडे जाऊन ‘मी मारला होता’ एवढे म्हणता येते. त्याने माफ केलेच पाहिजे असे नाही. माझा विद्यार्थी गेला. तो लहान मुलगा आता दहावीत होता. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्हालाही मध्ये उभं केलं होतं का?” मग दोघांनी नावे काढली. नऊ निघाली.

पुन्हा शिकावे का, हा शेवटी येणारा प्रश्न. काहींना तो पांढरा कपडा पाहूनच मळमळते, त्यांनी कबड्डी खेळावी नाहीतर काहीच खेळू नये. काहींना मात्र आपली लाथ, आपला तोल परत हवा असतो. तो त्यांचाच आहे. घाम त्यांनी गाळला. नवा क्लास निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : आईबाप कधीही येऊन बसू शकतात का, सोडून गेलेल्यांविषयी सर कसे बोलतात, पैशाची पावती मिळते का, आणि ‘दुखते’ म्हटल्यावर थांबतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लवकर कळते.

वस्तीतल्या त्या क्लासविषयी त्या नऊ जणांनी विहाराच्या समितीला अर्ज दिला आहे. त्यात सरांना शिक्षा करा असे एकही वाक्य नाही. त्यासाठी दोघांनी पोलिसांत वेगळी फिर्याद दिली. अर्जात एवढेच मागितले आहे की अंगणाची किल्ली यापुढे एका माणसाकडे नसावी, आणि क्लासच्या वेळी समितीतली एक बाई तेथे हजर असावी. समितीत सध्या बाई नाही. तेव्हा आधी ती घ्यावी लागेल.